पुडीलाही तोच प्रश्न विचारा

ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातल्या औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभं राहून ऐकावं. ‘वो हड्डीवाली गोली मत देना भैया, उससे जबड़ा गल जाता है,’ असं एखाद्या काकू सांगतात. गोळीच्या पैशांत कॅल्शियमची मोठी बाटली घेतात, वाटेत कुणाकडून तरी सांधेदुखीची पुडी घेतात आणि घरी जातात. डॉक्टरांना यातलं काही कळत नाही. इथल्या लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता गप्प बसवत नाही.

काकूंची भीती खोटी नाही, हे आधी सांगतो. ‘काही होत नाही हो, घ्या’ असं म्हणून ती उडवून लावणारे डॉक्टर तिला खतपाणीच घालतात.

२००३ मध्ये मायामीच्या रॉबर्ट मार्क्स या शल्यविशारदाने जबड्याचं हाड उघडं पडून मरत जाण्याचे रुग्ण नोंदवले. औषध याच जातीचं होतं, बिस्फॉस्फोनेट. पण ते रुग्ण बहुतेक कर्करोगाचे होते. कर्करोग हाडात पसरला की झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ४ मिलिग्रॅम शिरेतून देतात, दर तीन-चार आठवड्यांनी. ठिसूळ हाडांसाठी तेच औषध ५ मिलिग्रॅम देतात, वर्षातून एकदा. ठिसूळ हाडांसाठी औषध घेणाऱ्यांमध्ये जबड्याचा हा त्रास वर्षाकाठी दहा हजारांत एकीला किंवा त्याहूनही कमी जणींना होतो. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरांना औषधाचं नाव आधी सांगायचं. शक्य असेल तर दातांची मोठी कामं औषध सुरू करण्यापूर्वीच उरकून घ्यायची. आणि काकूंना हे आकडे सांगायचे. त्यांना आकडे कळतात, त्यांनी आयुष्यभर घर चालवलं आहे.

दुसरी भीती मांडीच्या हाडाची. गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींचं मांडीचं हाड मधोमध, फारसं न पडताच मोडतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये त्याबद्दल सावध केलं. इथे आपल्या बायकांनी कान टवकारायला हवेत. कॅलिफोर्नियातल्या १,९६,१२९ स्त्रियांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये जो अभ्यास छापून आला, त्यात आशियाई वंशाच्या स्त्रियांना हा धोका गोऱ्या स्त्रियांपेक्षा बराच जास्त दिसला. दहा हजार गोऱ्या स्त्रियांनी तीन वर्षं औषध घेतलं तर खुब्याचे १४९ अस्थिभंग टळतात आणि मांडीचे असे २ होतात. आशियाई स्त्रियांमध्ये ९१ टळतात, ८ होतात. म्हणजे आपल्यासाठी हिशेब तितका एकतर्फी नाही. तरीही ९१ आणि ८ यांत कोणता आकडा मोठा, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. शिवाय मांडीचं असं हाड मोडण्याआधी पुष्कळदा आठवडेच्या आठवडे मांडीत किंवा जांघेत दुखत असतं. ते दुखणं सांगितलं तर वेळेवर एक्स-रे होतो आणि औषध थांबवता येतं. औषध थांबलं की हा धोका लवकर उतरतो. पण ‘मांडी दुखली तर लगेच सांगा’ हे किती जणींना सांगितलेलं असतं?

छातीत जळजळ हा तिसरा त्रास, आणि तो बहुतेक वेळा घेण्याच्या पद्धतीमुळे होतो. आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहाबरोबर नाही, दुधाबरोबर तर नाहीच. नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ज्यांची अन्ननलिका बिघडलेली आहे त्यांच्यासाठी ही गोळी नाही. ज्यांची मूत्रपिंडं फार थकली आहेत त्यांना गोळी नाही आणि वर्षाचं इंजेक्शनही नाही. त्यासाठी क्रिएटिनिनची साधी रक्ततपासणी आधी व्हायला हवी.

आता तराजूचं दुसरं पारडं. ते लोकांना दिसत नाही, कारण न मोडलेलं हाड कुणाला दिसत नाही.

२००७ मध्ये वर्षातून एकदाच्या त्या इंजेक्शनची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. साडेसात हजारांहून जास्त स्त्रिया, तीन वर्षं. ज्यांना खरं औषध मिळालं नाही त्यांच्यापैकी शंभरातल्या जवळपास अकरा जणींचे मणके दबले. ज्यांना मिळालं त्यांच्यातल्या तीन जणींचे. खुब्याचे अस्थिभंग अडीच टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आले. या चाचणीतली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांना रोज कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं जात होतं. त्या अकरा जणी कॅल्शियम घेतच होत्या. तरी त्यांचे मणके दबले.

ज्यांचं हाड आधी एकदा किरकोळ पडण्याने मोडलं आहे त्यांच्यासाठी ‘गोळीऐवजी कॅल्शियम’ हा व्यवहार म्हणूनच चुकीचा आहे. कॅल्शियम लागतं, पण ते गोळीसोबत लागतं. आणि प्रवाळ, शंख, मोत्याची शिंपली यांच्या भस्म-पिष्ट्या म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. दुकानातल्या स्वस्त गोळीतही बहुधा तेच असतं. महाग भुकटी घेणाऱ्या बाईला हे कुणीतरी सांगायला हवं.

ड जीवनसत्त्वाचंही तसंच. ज्यांच्यात ते कमी आहे त्यांना ते द्यायलाच हवं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो त्या या शहरातही ज्या बायका दिवसभर घरात आणि बाहेर पडताना अंगभर झाकलेल्या असतात, त्यांच्यात ते कमी असणं मुळीच नवल नाही. पण ६० हजार युनिटची पुडी ठरावीक आठवडे घ्यायची असते, जन्मभर नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिले. २०१० मध्ये निकाल आला: त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. २०२२ मध्ये पंचवीस हजारांहून जास्त लोकांच्या अमेरिकी चाचणीत, ज्यांच्यात कमतरता शोधलेली नव्हती अशांना रोज २,००० युनिट दिले. अस्थिभंग कमी झाले नाहीत.

हाडसांधीची वेल आमच्याकडे खूप नावाजलेली आहे. बनारसमध्ये डॉ. उडुपा आणि प्रसाद यांनी १९६०च्या दशकात तिच्यावर प्रयोग केले, प्राण्यांची मोडलेली हाडं जुळण्यावर. ते काम मोलाचं होतं. पण मोडलेलं हाड लवकर जुळणं वेगळं आणि सत्तरीतल्या बाईचं हाड मोडूच न देणं वेगळं. त्या दुसऱ्या गोष्टीसाठी हजारो स्त्रियांवर वर्षानुवर्षं चाललेली चाचणी झालेली नाही. ती होईपर्यंत वेल मोठी असेल, पण गोळीच्या जागी ती बसवता येत नाही.

खरा राग मला येतो तो बिननावाच्या पुडीचा. दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा भरला, असं कुणी सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे, इथेही आणि परदेशातही. २०२२ मध्ये अमेरिकेत सांधेदुखीच्या ‘नैसर्गिक’ म्हणून खपणाऱ्या एका गोळीत डेक्सामेथासोन निघालं होतं. आणि स्टेरॉइड हे हाडं पोखरणारं सगळ्यात ओळखीचं औषध आहे. जबड्याच्या भीतीने गोळी सोडलेली बाई या पुडीने आपली हाडं स्वतःच्या हाताने पोकळ करत असते. गोळीचे दुष्परिणाम नातवाच्या मोबाइलवर वाचता येतात. पुडीचे कुठेही लिहिलेले नसतात, म्हणून ते नाहीत असं वाटतं.

योगासनांवर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच हे स्पष्ट सांगतो. मणके दबलेल्या बाईने पुढे वाकण्याची आसनं करू नयेत. पश्चिमोत्तानासन नको, हलासन नको, सूर्यनमस्कारातलं खाली वाकणंही नको. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये ५९ स्त्रियांचा छोटा अभ्यास छापला होता. पाठ मागे ताणणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांचे मणके नव्याने दबले, पुढे वाकणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांचे. अभ्यास छोटा आहे, पण एवढा फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही. उलट वजन उचलण्याचा व्यायाम खरोखर कामाचा आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये १०१ स्त्रियांच्या चाचणीत आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जाणत्या प्रशिक्षकासमोर भारी वजनं उचलून घेतली. आठ महिन्यांत कण्याची घनता २.९ टक्के वाढली. हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. आमच्या शहरात जिमचे फलक पुष्कळ दिसतात, साठीच्या बाईला हाताशी धरून वजन उचलायला शिकवणारी जागा मात्र मला अजून दिसलेली नाही.

पण घनता वाढली म्हणजे झालं, असंही नाही. १९९० मध्ये फ्लोराइडच्या चाचणीचा निकाल आला. चार वर्षांत कण्याची घनता ३५ टक्के वाढली होती, आणि मणक्यांखेरीज इतर हाडं जास्त मोडली होती. फ्लोराइड हाडांचं काय करतं हे आम्हा ग्वाल्हेरकरांना नवं नाही, शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यातल्या गावांमध्ये ते पाण्यातून येऊन माणसांना वाकवून गेलं आहे. म्हणून घनतेचा आकडा दाखवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कुठल्याही पॅथीचा असो, एकच प्रश्न विचारायचा: यामुळे किती हाडं मोडायची वाचली, आणि किती जणींना काय झालं?

अ‍ॅलोपॅथीच्या औषधांना हा प्रश्न विचारला गेला आहे, आणि काही औषधं त्यात नापास झाली आहेत. नाकात मारायचा कॅल्सिटोनिनचा फवारा कर्करोगाच्या शंकेमुळे युरोपात २०१२ मध्ये या आजारासाठी बंद करायला सांगितला गेला. स्ट्रॉन्शियमवर हृदयाच्या धोक्यामुळे बंधनं आली. नापास करण्याची सोय आहे, म्हणून उरलेल्यांवर मी विश्वास ठेवतो. पुडीची परीक्षाच होत नाही.

आता डॉक्टरांचं. डेक्सा म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी न करता, धोका न जोखता, पंचावन्नच्या धडधाकट बाईला नुसत्या ‘हाडं जरा पातळ आहेत’ एवढ्यावर गोळी लिहिणं बंद व्हायला हवं. त्या तपासणीतला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे १.८ असेल, हाड कधी मोडलेलं नसेल, स्टेरॉइड घेतलेलं नसेल, तर तिला बहुधा व्यायाम, आहार आणि न्हाणीघरात धरायला दांडी पुरते. उणे २.५ किंवा त्याखाली असेल, किंवा उभ्याउभ्या पडून मनगट, मणका, खुबा मोडला असेल, तर तिला औषध हवं. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातलं एक माणूस वर्षभरात जातं, आणि उरलेल्यांपैकी बरेच पहिल्यासारखे चालत नाहीत.

गोळी कधी थांबवायची तेही पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर यावं. तीन ते पाच वर्षांनी फेरविचार करायचा असतो, आणि धोका कमी असेल तर सुट्टी देता येते. डेनोसुमॅबचं मात्र उलटं आहे. दर सहा महिन्यांचं ते इंजेक्शन परस्पर सोडलं तर हाडांची झीज उसळी घेते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. ते सोडायचं तर त्याच्या मागे दुसरं औषध लावावं लागतं. मुलाकडे पुण्याला राहायला गेलेल्या काकूंना हे कुणी सांगितलेलं नसतं. इंजेक्शन दिलं त्याच दिवशी पुढची तारीख त्यांच्या हातात लिहून द्यायला काय अडचण आहे?

आणि एक मागणी सरकारकडे. ग्वाल्हेरात १९४६ पासूनचं गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आमखोला सरकारी आयुर्वेद महाविद्यालयही आहे. दोघांनी मिळून हाडसांधीची रीतसर चाचणी करावी. गोळीची खरी गरज असलेल्यांची गोळी न थांबवता करावी, घनता मोजून थांबू नये, पाच वर्षं मोडलेली हाडं मोजावीत. निकाल वेलीच्या बाजूने लागला तर मी याच सदरात तो पहिल्या ओळीत लिहीन.