सागरराव

घरात मासे पाळणाऱ्यांत दोन पंथ आहेत, गोड्या पाण्याचा आणि खाऱ्या पाण्याचा. गोड्या पाण्याचा माणूस साधा असतो. तो गप्पी पाळतो, त्यांची पिल्लं बाटलीत घालून शेजाऱ्यांना वाटतो, एखादा मेलाच तर तुळशीच्या कुंडीत पुरतो आणि हात धुऊन चहाला बसतो. खाऱ्या पाण्याच्या माणसाला हा बेजबाबदारपणा बघवत नाही. तो आधी वाचतो, मग बोलतो, मग पुन्हा वाचतो, आणि मासा घरी येईपर्यंत सोसायटीतल्या लहान पोरांनाही नायट्राइट आणि नायट्रेट यांतला फरक पाठ झालेला असतो.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या या गृहस्थांना सगळे सागरराव म्हणतात. खरं नाव खाली पत्रपेटीवर आहे, पण ते आता पोस्टमनशिवाय कुणाला लागत नाही. ही जात समुद्रकाठी फारशी उगवत नाही, असं माझं निरीक्षण आहे. कोळीवाड्यात कुणी हौसेनं बैठकीत समुद्र मांडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. समुद्र बघायला ज्याला घाट उतरावा लागतो, त्यालाच तो घरात आणावासा वाटतो.

सुरुवात तीस लिटरच्या टाकीपासून झाली. टाकी लहान म्हणजे कटकट लहान, अशी सगळ्याच नवशिक्यांची समजूत असते आणि वहिनींनी ती ताबडतोब उचलून धरली. पण चार दिवसांत सागरराव कागद घेऊन माझ्याकडे आले. "हे बघा, उन्हाळ्यात पंख्याखाली एक लिटर पाणी उडालं. पाणी उडतं, मीठ नाही उडत. तीस लिटरमध्ये लिटरला पस्तीस ग्रॅमचं मीठ सव्वाछत्तीसवर गेलं. एका दिवसात! दोनशे लिटरमध्ये तेच एक लिटर उडालं तर माशाला कळणारसुद्धा नाही." गणित बरोबर होतं. एक मासा मेला, कुणी चिमूटभर खाणं जास्त टाकलं, हीटर अडकला, तरी मोठं पाणी सावकाश बिघडतं आणि माणसाला सावरायला वेळ देतं. लहान टाकी जाणत्या माणसानं सांभाळावी, नवशिक्यानं शंभर लिटरच्या खाली उतरू नये, हे मलाही पटलं. पटलं नाही ते एवढंच, की ती तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी बरोबर माझ्या डोक्यावर येणार होती. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. एकशे नव्वद लिटर पाणी म्हणजे दोनशे किलोला जरा कमी, वर काच, वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड. "तुळईच्या वरच ठेवतोय," असा दिलासा त्यांनी दिला. मी त्याच रात्री पलंग दुसऱ्या भिंतीला लावला.

मग मिठाचं प्रकरण. घरातलं मीठ चालत नाही, कारण ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि आणखी बरंच काही असतं. म्हणून खास मिठाची बादली आली आणि त्यातलं सुमारे साडेसहा किलो मीठ आरओच्या पाण्यात कालवलं गेलं. आरओच्या नळाखाली रात्रभर पिंपं भरत होती आणि त्यातून वाया जाणाऱ्या पाण्यानं वहिनी सकाळी जिने धुवत होत्या. मिठाबरोबर रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोटी दुर्बीण आली. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे बघायचं, आकडा एक पूर्णांक शून्य दोन पाच आला की समुद्र जमला. एकदा जेवताना सागररावांनी साराचा थेंबही तिच्यावर टाकला. "जीभ कुठं गहाण टाकलीत?" एवढंच वहिनी म्हणाल्या.

यापुढचा टप्पा ज्यानं पाहिला नाही, त्याला या पंथातली तपश्चर्या कळणार नाही. पाणी तयार असतं, दिवा लागलेला असतो, पंप घुरघुरत असतो आणि टाकीत एकही मासा नसतो. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो आणि तो माशालाच मारतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यांना खायला काहीतरी कुजवावं लागतं. सागररावांनी मंडईतून मोठी कोळंबी आणून पाण्यात सोडली. नेमक्या त्याच आठवड्यात त्यांच्या सासूबाई मालवणहून आल्या. वास येतो अशी त्यांची तक्रार नव्हती. "अहो, येवढी ताजी सुंगटां कुजवायला घातलात?" असं म्हणून त्या जावयाकडे ज्या नजरेनं बघत राहिल्या, तसं लग्नाच्या वेळी पत्रिका बघतानाही बघितलं नसेल.

त्या दिवसांत त्यांच्याकडे जाणाऱ्या पाहुण्याला कौतुकानं रिकामी टाकी दाखवली जाई. पाहुणा वाकून, मान तिरकी करून मासा शोधी. "मासे नाहीत, जिवाणू आहेत," सागरराव सांगत. "दिसत नाहीत?" पाहुण्यानं विचारावं. "दिसणार कसे?" असं म्हणून ते रंगांचा तक्ता काढत आणि परीक्षानळीतला हिरवा हा पहिला हिरवा की दुसरा, यावर पाहुण्याचं मत घेत.

माशांची यादी मात्र तयार होती आणि ती वाचून गिरगावातल्या तारापोरवाला मत्स्यालयालाही घाम फुटला असता. निळा टँग: फूटभर वाढतो, पोहायला मैदान लागतं. लायनफिश: काट्यांत विष आणि तोंडात मावेल तो शेजारी स्वाहा. मँडरिन: दिसायला पैठणीहून देखणा, पण दिवसभर बारीक जिवंत किडे टिपत हिंडणारा, नव्या टाकीत उपाशी मरतो. समुद्रघोडा आणि प्रवाळ तर कायद्यानंच बाद. २००१ मध्येच दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आली, म्हणजे वाघाच्या पंगतीला. एकेक नाव खोडताना सागररावांचा चेहरा पडत गेला. दुकानातल्या विशी-बाविशीच्या पोरानं यादी पाहिली आणि म्हणाला, "काका, दोन क्लाउन घ्या, एक गोबी घ्या. बास." इतक्या वाचनानंतर जो निष्कर्ष निघायचा, तो त्या पोरानं मोबाइलवरून नजर न काढता सांगितला.

पण पंथाचा नियम असा की सोपं उत्तर पहिल्या फटक्यात घ्यायचं नाही. दुसऱ्याच दुकानातून "मरतच नाही" या शिफारशीवर एक निळा डॅमसेल आला. शिफारस शंभर टक्के खरी होती. दोन इंचांच्या त्या जिवानं मोठ्या कपारीचा ताबा घेतला आणि नंतर आलेल्या क्लाउनना कोपऱ्यात दाबून ठेवलं. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूसारखा तो वागत होता: आधी आलो म्हणून जागा माझी, आणि काढायचं तर अख्खा वाडा पाडा. शेवटी पाडला. सगळे दगड बाहेर काढून, सासूबाईंच्या देखरेखीखाली त्याला जाळीत धरलं. त्यांनीच कुठं उभं राहायचं ते सांगितलं आणि तो तिसऱ्या फेरीत सापडला.

आता टाकीत शांतता आहे. क्लाउन समुद्रातून पकडलेले नाहीत, टाकीतच जन्मलेले आहेत, हे सागरराव पावतीसकट सांगतात. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवून बरीच वर्षं झाली, हेही सांगतात. या माशांत सगळे नर म्हणूनच जन्मतात, जोडीतला मोठा मादी होतो आणि ती गेली की उरलेला नर तिची जागा घेतो, ही माहिती ऐकून वहिनी म्हणाल्या, "म्हणजे बाईशिवाय कुणाचंच चालत नाही." गोबी दिवसभर बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. बीळ खणणारी पिस्तूल कोळंबी जवळजवळ आंधळी असते आणि मिशी त्याच्या अंगाला लावून काम करते. ती विकत आणली तेव्हा सासूबाईंनी फक्त "ही पण कुजवणार?" असं विचारून घेतलं.

सुट्टीत सगळे मालवणला गेले तेव्हा टाकीची किल्ली माझ्याकडे आली. माझ्या डोक्यावरचं वजन माझ्याच हवाली करण्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. खाण्याच्या पुड्या वारांनुसार बांधलेल्या, उडालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं असं तीन ठिकाणी लिहिलेलं. जूनचा मध्य होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला, मागून लाटांचा आवाज येत होता. "किनाऱ्यावरनं बोलतोय. दुर्बीण बरोबर आणली होती. इथलं पाणी एक पूर्णांक शून्य एक आठ भरतंय हो! पाऊस झालाय, नद्या सुटल्यात, पार बिघडवून ठेवलंय. आपलं नीट आहे ना?"