एकाच गाण्याच्या अठ्ठावीस कॅसेटी

"अगं, आहेस का?"

माईंचा आवाज कंपाउंडच्या भिंतीवरून आला की समजावं, हातातलं काम अर्ध्या तासासाठी राहिलं. कढीपत्त्याला पाणी घालत होते. पाईप तसाच अळूत सोडला आणि भिंतीशी गेले.

"भाचा आलाय माझा कॅलिफोर्नियाहून. आता कायमचा."

"बरं झालं की, माई!"

"कसलं बरं? दोन बॅगा आणल्यान्. म्हटलं, एकीत कपडे असतील, दुसरीत बदाम-चॉकलेटं. उघडून बघते तर कॅसेटी! अगं, आता टेपरेकॉर्डर तरी राहिलाय का कुणाकडे? सगळ्या एकाच बँडच्या. आणि एकच गाणं अठ्ठावीस कॅसेटींत! मोजलं मी."

"कुठला बँड?"

"ग्रेटफुल डेड. म्हणजे आभारी असलेले मेलेले! दिवेलागणीला हे नाव घेऊ नकोस म्हणून बजावलंय त्याला."

माई कुरकुरत होत्या, पण माहिती सगळी काढून झाली होती. भाच्याला समोर बसवून तासभर उलटतपासणी झालेली दिसत होती.

"अगं, हे रेकॉर्डिंग चोरून केलेलं नाही म्हणे. बँडचीच परवानगी. 1984 च्या ऑक्टोबरात बर्कलेच्या कार्यक्रमापासून त्यांनी टेप करणाऱ्यांना वेगळी जागाच दिली. मागे, साउंडवाल्याच्या पाठीशी. तिकिटंसुद्धा वेगळी."

"एवढी बडदास्त?"

"बडदास्त कसली! हे लोक पुढे काठ्यांवर मायक्रोफोन उभारून बसायचे, मागच्यांना काही दिसायचं नाही. भांडणं व्हायला लागली, तेव्हा म्हणाले, करा काय ते, पण मागे जाऊन करा. अट एकच. वाटायचं, विकायचं नाही."

बँडचा म्होरक्या जेरी गार्सिया. तोही तरुणपणी, 1964 मध्ये, ब्लूग्रासच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग करत गावोगाव हिंडला होता. ज्यानं स्वतः ते वेड केलं, तो दुसऱ्याला काय अडवणार?

"आणि वाटायचे कसे?" मी विचारलं.

"टपालानं. दोन कोऱ्या कॅसेटी आणि परतीच्या टपालाचा खर्च पाठवायचा. नव्वद-नव्वद मिनिटांच्या दोन, म्हणजे तीन तासांचा कार्यक्रम मावतो. ज्याच्याकडे असेल तो भरून परत पाठवणार. आपल्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत, तसंच ते. वर कॅसेटीवर पिढीही लिहायची! मूळ टेपवरून काढलेली पहिली, तिच्यावरून दुसरी. दर पिढीला खरखर वाढत जाते म्हणे. आमच्या वंशावळीसारखंच झालं."

"पण एकच गाणं अठ्ठावीसदा कशाला?"

"तेच विचारलं मी! तर म्हणतो, आत्या, रोज वेगळं वाजवायचे. कधी दहा मिनिटांत आटपायचे, कधी अर्धा तास तेच रंगवत बसायचे. कुठल्या दिवशी जमून जाईल, त्यांचं त्यांनाही ठाऊक नसायचं."

मी म्हटलं, "माई, अप्पांच्या स्पूलांत यमन किती होते?"

माई एकदम गप्प झाल्या.

अप्पा म्हणजे माईंचे यजमान. त्यांचं ते स्पूलांचं लोखंडी कपाट अख्ख्या गल्लीला माहीत होतं. घरगुती मैफलींना ग्रुंडिगच्या टेपरेकॉर्डरचं धूड सायकलला बांधून न्यायचे. मोठमोठे गवई त्या स्पूलांत बंद. लोक पेढे घेऊन यायचे, चहा पिऊन रिकाम्या हातानं जायचे. घराण्याची चीज बाहेर जाता कामा नये, हा अप्पांचा खाक्या. गवयानं विश्वासानं करू दिलंय, ते बाजारात गेलं तर? त्यांचं अगदीच चूक नव्हतं. विनापरवाना रेकॉर्डिंग छापून पैसे करणारे तिकडेही होते. 1969 मध्ये बॉब डिलनची अशी तबकडी चोरून विकली गेलीच होती. आपल्याकडेही 1994 च्या कायद्यानं कलाकाराचा हक्क मानलाय.

"पण झालं काय?" माईच बोलल्या. "ते गेल्यावर कपाट उघडलं तर निम्म्या स्पूलांना बुरशी. कोल्हापूरच्या अल्लादियाखाँसाहेबांनी रेकॉर्ड काढू दिली नाही म्हणून हे कौतुकानं सांगायचे. खाँसाहेब गेले 1946 साली. आता त्यांचं गाणं कसं होतं ते पुस्तकात वाचायचं."

मग त्यांनी भाच्याकडूनच ऐकलेली दुसरी गोष्ट सांगितली. 8 मे 1977 ला कॉर्नेल विद्यापीठात या बँडचा कार्यक्रम झाला. बेटी कँटर-जॅक्सन या बाईंनी तो टेप केला. पुढे त्यांच्या टेप ज्या गोदामात होत्या, त्याचं भाडं थकलं आणि 1986 मध्ये सगळ्याचा लिलाव झाला. घेणाऱ्यांनी कपाटात नाही कोंडलं. कॉपीवरून कॉपी होत तो कार्यक्रम घरोघरी गेला. 2011 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ठेव्यात घेतला. अधिकृतपणे विकायला आला तो 2017 मध्ये, चाळीस वर्षांनी!

"फुकट ऐकलेलं पुन्हा विकत घेतलं लोकांनी?"

"घेतलं ना! आणि त्या बँडचं पोट मुळात कार्यक्रमांवर चालायचं. कॅसेट ऐकून माणूस तिकीट काढायला यायचा."

तेवढ्यात भाचाच बाहेर आला. माईंना चिडवत म्हणाला, "आत्या, झाकीरचं सांगितलंत का?"

बँडचा ड्रमवाला मिकी हार्ट आणि आपले झाकीर हुसेन यांची जुनी दोस्ती. दोघांच्या 'प्लॅनेट ड्रम'ला 1992 मध्ये ग्रॅमी मिळालं. याच बँडचा साउंडवाला औस्ली स्टॅन्ली. त्यानं 29 मे 1970 ला सॅन फ्रान्सिस्कोत अली अकबर खाँसाहेबांची मैफल टेप करून ठेवली. तबल्यावर एकोणीस वर्षांचा झाकीर. 2020 मध्ये ती बाहेर आली.

"माहीमचा पोरगा तो," माई खुलल्या. "हे आधी सांगायचंस की रे! मग बॅगेला नावं ठेवली नसती."

त्या संध्याकाळी अप्पांचं कपाट उघडलं गेलं. जुन्या बाजारातून भाच्यानं स्पूलचं यंत्र मिळवलं आहे. एकतीस स्पूलांपैकी बारा वाजतात, बाकीच्यांची पट्टी सुटते. त्या बारांतल्या गवयांच्या घरच्यांना माई स्वतः फोन करताहेत. परवानगी मिळेल तसतशी एकेक कॉपी भिंतीवरून इकडे येते, वर झाकण ठेवलेल्या वाटीसकट.

पावसाळा तोंडावर आहे. तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर आजच खाली काढा, ज्याचं गाणं त्याला विचारा, आणि एक प्रत शेजारी द्या. आपली खराब झाली तर मागायला घर जवळ असावं.