ळ आयसीयूत आहे

मी पोस्टग्रेसवर काम करतो, हे मी आईला पंधरा वर्षांपूर्वी सांगितलं. तेव्हापासून ती सगळ्यांना ‘आमचा मुलगा पोस्टात आहे’ असं सांगते. सुरुवातीला मी दुरुस्ती करून पाहिली. 1986 साली बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी ‘इंग्रेस’ या आपल्याच जुन्या डेटाबेसनंतरचा, म्हणून ‘पोस्ट-इंग्रेस’ काढला, त्याचं झालं पोस्टग्रेस; पुढे 1996 मध्ये त्या नावाला एसक्यूएलचं शेपूट जोडलं, आणि तेव्हापासून हे नाव म्हणायचं कसं यावर जगात एकमत नाही, वगैरे. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे पोस्टाचंच ना?” परवा शेजारच्या काकूंनी मला जिन्यात अडवून मासिक प्राप्ती योजनेचा व्याजदर विचारला. मी तो सांगितला. पाठच करून ठेवलाय आता.

या पोस्टाला मालक नाही. डेटाबेस फुकट, त्याचा कोड उघडा, आणि तो लिहिणारे, तपासणारे, वापरणारे लोक जगभर विखुरलेले. दरवर्षी गणपती-नवरात्राच्या सुमारास नवी मोठी आवृत्ती येते आणि तिच्या माहितीपत्रकाच्या अगदी तळाशी एक नावांची यादी असते: या आवृत्तीसाठी ज्यांनी कोड लिहिला, तपासला, चाचण्या केल्या किंवा नुसत्या चुका कळवल्या, त्या सगळ्यांची.

‘नुसत्या चुका कळवल्या’ हे शब्द वाचले आणि माझ्यातला पुणेकर उठून बसला. कोड लिहिणं आपल्याला जमेल, न जमेल. पण तक्रार? ती तर आमच्या घरात तीन पिढ्यांची विद्या आहे. माझ्या आजोबांनी दूधवाल्यापासून पंचांगकर्त्यापर्यंत सगळ्यांच्या चुका लेखी कळवल्या होत्या, आणि कोणीही त्यांचं नाव कुठल्या यादीत छापलं नव्हतं.

पहिली तक्रार मी घाईत केली. माझा डेटाबेस आत माल नसताना फुगत चालला होता. पलीकडून तीनच प्रश्न आले: आवृत्ती कोणती, सेटिंग्ज काय आहेत, शेवटचा बदल कोणता केला? शेवटचा बदल मी असा केला होता की वेग वाढावा म्हणून ऑटोव्हॅक्यूम बंद केलं होतं. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली तरी जुनी ओळ लगेच पुसली जात नाही. ती मेलेली म्हणून तशीच पडून राहते. आपल्याकडे नवा मिक्सर आला की जुना माळ्यावर जातो, तसंच. हा माळा झाडणारा गडी म्हणजे ऑटोव्हॅक्यूम. गड्याला मीच सुट्टी दिली होती आणि घरात कचरा साठतो म्हणून तक्रारही मीच केली होती. ती चूक माझ्याच नावावर जमा झाली. यादीत नव्हे.

दुसरी संधी आमच्या भागातल्या वाचनालयाने दिली. साडेअकरा हजार पुस्तकांची यादी संगणकावर चढवायची होती. मी बाणेदारपणे सांगितलं, “पैसे नकोत.” असं म्हणताना माणूस किती उंच दिसतो, हे मी समोरच्या कपाटाच्या काचेत पाहून घेतलं. चार रविवारांत काम संपवून मी गोसावीबाईंना पडद्यापुढे बसवलं. बाई तिथल्या निवृत्त ग्रंथपाल. मी चौथीत असताना त्यांनी मला फाटलेल्या ‘चांदोबा’बद्दल आठ आणे दंड केला होता, आणि तो त्या अजून विसरलेल्या नाहीत.

बाईंनी चष्मा वर केला, बोटाने यादी खाली सरकवत नेली आणि ‘द’पाशी थांबल्या.

“अरे गोळे, दवणे कुठे आणि दळवी कुठे!”

“दोघंही आहेत की बाई. हे प्रवीण दवणे, हे जयवंत दळवी.”

“आहेत, पण दळवी आधी कसे आले? यादी अकारविल्हे लावलीस ना?”

“मी नाही, संगणकाने लावली.”

“मग त्याला शाळेत घाल,” बाई म्हणाल्या.

इथे मला ळ बद्दल थोडं बोलू द्या. थोडं म्हणजे बरंच. माझ्या आडनावात तो असल्यामुळे हा घरगुती प्रश्न आहे. मराठी वर्णमालेत ळ हा लग्नाला उशिरा पोचलेल्या मामेभावासारखा आहे. क ते ह पर्यंतची पंगत बसून गेल्यावर तो येतो, मागून क्ष आणि ज्ञ येतात, आणि तिघं कडेला पाट मांडून घेतात. शाळेत आपण ‘शषसहळक्षज्ञ’ असं एका दमात म्हणत असू, कारण तोवर मधल्या सुट्टीची घंटा झालेली असे. या बिचाऱ्यापासून मराठीत एकही शब्द सुरू होत नाही. कोशात त्याचं पान उघडावं तर तिथे काम काहीच नाही, नुसताच हुद्दा. आणि तरीही त्याच्यावाचून आपलं पान हलत नाही. तो नसता तर वेळेची वेल झाली असती, मुळाचं मूल झालं असतं आणि काळ्या रंगाचा गोपाळकाला. माझे हिंदी भाषक सहकारी मला ‘गोलेजी’ म्हणतात आणि मी ओ देतो. माझा एक काळे नावाचा मित्र अमेरिकेत गेला, तर तिथे त्याचं स्पेलिंग वाचून लोक त्याला ‘केल’ म्हणू लागले. ती तिकडची एक पालेभाजी आहे. इकडे ज्याचे पूर्वज पिढ्यानपिढ्या कुळकर्ण सांभाळत होते, तो तिकडे सॅलडमध्ये गेला.

तर संगणकातली गोची अशी. भारतीय लिप्या संगणकावर आणताना त्या सगळ्यांना एकाच साच्यात बसवलं. त्यासाठी आधी ‘इस्की’ नावाची भारतीय मानक सारणी झाली आणि युनिकोडने देवनागरीसाठी तोच आराखडा घेतला. त्या साच्यात ळ ची खुर्ची ल च्या शेजारी आहे. ल, मग ळ, आणि नंतर व. त्यामुळे आमच्या पंगतीत मामेभाऊ एकदम व, श, ष, स, ह या पाच जणांना ओलांडून वर जाऊन बसतो. म्हणून दळवी दवण्यांच्या आधी आले. संगणकाची ही सवय मला पंधरा वर्षं माहीत असायला हवी होती. नव्हती. कारण पंधरा वर्षांत मी एकही मराठी यादी वरून खाली वाचली नव्हती. चौकोनात नाव टाइप करायचं, सापडलं की पुढे.

पण हे सगळं कळलं नंतर. त्या संध्याकाळी मला फक्त यादी दिसत होती. पुस्तकांची नव्हे, तळाशी नावं असलेली ती दुसरी. मी तक्रार लिहिली. भाषा जळजळीत होती. आठ कोटींहून अधिक माणसं बोलतात ती भाषा तुमच्या डेटाबेसला लावता येत नाही, ही केवढी मोठी चूक, वगैरे. तक्रारीला पाच आकडी क्रमांक मिळाला. तो मी बायकोला दाखवला. तिने विचारलं, “गॅसचा का?”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कोण, कुठला, माहीत नाही. नावावरून मराठी नक्कीच नव्हता. त्याने आधी आवृत्ती विचारली नाही, कारण मी या वेळी ती स्वतःहून लिहिली होती. माणूस ठेचेने शिकतो. त्याने शांतपणे लिहिलं की ही चूक नव्हे. अक्षरांचा क्रम भाषेगणिक वेगळा असतो आणि पोस्टग्रेसमध्ये तो निवडता येतो. 2017 साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. मराठीच्या क्रमाचं नाव ‘एमआर-एक्स-आयसीयू’.

आयसीयू! मराठी आयसीयूत आहे, असं मी साहित्यविषयक भाषणांत कैकदा ऐकलं होतं. पत्ता आत्ता कळला. हे आयसीयू म्हणजे ‘इंटरनॅशनल कॉम्पोनंट्स फॉर युनिकोड’, जगभरच्या भाषांचे क्रम, तारखा, आकडे सांभाळणारा उघडा कोड. कुठल्या भाषेत कोण कुणाच्या मागे उभं राहतं, याचे नियम त्याच्यासाठी युनिकोडवाल्यांच्या एका सामायिक भांडारात ठेवलेले असतात. तिथे मराठीच्या खात्यात लिहून ठेवलंय: ह, त्यानंतर ळ.

उत्तराच्या शेवटी त्या माणसाने एक गोष्ट केली होती. माझ्या तक्रारीतली नावं उचलून त्याने स्वतःच्या संगणकावर लावून पाहिली होती आणि निकाल जोडला होता. दवणे वर, दळवी खाली. त्याखाली एक ओळ: मला ही लिपी वाचता येत नाही, क्रम बरोबर आहे का ते कृपया सांगाल का?

ती ओळ मी बराच वेळ पाहत बसलो. ज्याच्या डोळ्यांना आपली अक्षरं नुसती दोरीवर टांगलेली वेटोळी दिसत असणार, त्याला दळवींची जागा चुकू नये असं वाटत होतं. आणि कधीतरी, कुणीतरी, बहुधा एखाद्या बाईंसारख्याच माणसाने, ‘ह नंतर ळ’ हे त्या भांडारात कळवलं असणार. त्याचं नाव मला माहीत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये भाषेला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. त्याच ऑफिसात माझ्या हातच्या ज्या मराठी याद्या होत्या, त्यांत ळ गेली पंधरा वर्षं परक्या पाटावर बसला होता. भाषेची चिंता करायला मला वेळ होता. तिची यादी एकदा वाचून पाहायला नव्हता. चीड आली ती याची, आणि ती ढकलायला दुसरं दार सापडेना.

मी उत्तर पाठवलं: क्रम बरोबर आहे, आभारी आहे. चूकच नसल्यामुळे चुका कळवणाऱ्यांच्या यादीत जायचा प्रश्न मिटला. वाचनालयाची यादी नव्या क्रमाने लावली आणि बाईंना दाखवली. त्यांनी लाकडी खणातली पिवळी पडलेली कार्डं बाहेर काढून पडद्याशी ताडून पाहिली. 1978 सालापासून ती त्यांनीच लावलेली होती. एकही कार्ड हललेलं नव्हतं.

“जमलं,” बाई म्हणाल्या. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी मला दिलेली ही पहिली पावती. दंडाची सोडून.

आता कबुली द्यायची राहिली. मोठ्या यादीत नाव येत नाही म्हटल्यावर मी वाचनालयाच्या त्याच प्रणालीत गुपचूप ‘आभार’ नावाचं पान केलं होतं. नावं दोनच, तीही अकारविल्हे, म्हणजे कुणी काही बोलायला नको. गोळे वर, गोसावी खाली.

क्रम दुरुस्त केल्यापासून गोसावी वर आहेत.