ठेवू की काढू?

समुद्री मत्स्यालय बाळगणाऱ्यांना माशांची फारशी काळजी नसते. मासे त्यांनी स्वतः निवडून, नाव-गाव-किंमत विचारून आणलेले असतात. त्यांची झोप उडवतं ते दगडावर परस्पर उगवलेलं काहीतरी. परवा नव्हतं, आज आहे. तपकिरी आहे. हलतंय, की पाण्याने हलल्यासारखं दिसतंय, ते कळत नाही. मग मोबाइल काचेला टेकवून फोटो काढायचा, तो हमखास धूसर यायचा, आणि चार जाणत्यांना पाठवून विचारायचं, ‘हे काय आहे?’ वरवर बघता जिज्ञासेचा प्रश्न. पण उत्तरात नुसतं नाव आलं, तर विचारणारा कसा चुळबुळतो ते पाहा. त्याला विचारायचं असतं वेगळंच : ठेवू की काढू?

माझा मुलगा फ्लोरिडात टॅम्पाला असतो. त्याच्या दिवाणखान्यात सोफ्याहून लांब टाकी आहे. मुलगा-सून कामाला गेले की दिवसभर तिच्यासमोर आम्ही दोघं. मला नुसतं बघत बसायला आवडतं. ह्यांचं तसं नाही. हे महापालिकेच्या अतिक्रमण विभागातून निवृत्त झालेले. मोकळ्या जागेवर काही उभं दिसलं की ते कोणाच्या परवानगीने, हा प्रश्न त्यांना आधी पडतो.

आणि त्या टाकीत परवानगीने आलेलं फारच थोडं. आतला दगड म्हणजे ‘लाइव्ह रॉक’. दगड जिवंत नसतो, त्याच्या भोकाभोकांतली बिऱ्हाडं जिवंत असतात. फ्लोरिडाच्या समुद्रातून असा नैसर्गिक दगड काढायला बंदी आहे. म्हणून तिथले व्यावसायिक खाणीतला चुनखडक बोटीने नेतात, भाडेपट्ट्याने घेतलेल्या समुद्रतळावर ओततात आणि वाट बघतात. समुद्र त्यावर सावकाश वस्ती बसवतो. मग तो वर काढून वजनावर विकायचा. (आपल्याकडे प्रवाळांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत बसवलं गेलं. तेव्हा समुद्रावरून दगड उचलून आणायचा विचारही कोणी करू नये.) थोडक्यात, गिऱ्हाईक पैसे मोजतं दगडाचे आणि घरी आणतं अख्खी वस्ती, तीही रहिवाशांच्या यादीशिवाय.

ही यादी करायचं काम आम्ही अंगावर घेतलं. सगळ्यात आधी दिसले ते काचेवरचे पांढरे ठिपके. भिंगातून पाहिलं तर एकेक ठिपका म्हणजे गुंडाळलेली चुन्याची नळी, मोहरीहूनही लहान, आणि तिच्या तोंडाशी इवलासा तुरा. आपण जवळ गेलो की तुरा आत. मुलगा म्हणाला, ‘स्पायरॉर्बिड वर्म. पाणी गाळून खातो. निरुपद्रवी.’ ह्यांनी वहीत खूण केली. पुढचा होता एक चकचकीत हिरवा मणी. तो व्हॅलोनिया, शेवाळातला. एरवी पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण हा अख्खा मणी म्हणजे एकच पेशी. मी हरखून बघत राहिले. मुलगा मात्र म्हणाला, ‘आई, हा पसरतो. काढायचाय.’ जगातल्या सगळ्यात मोठ्या पेशींपैकी एक समोर असताना तिच्याबद्दल बोलण्यासारखं एवढंच होतं.

रात्री दिवे गेले की खरी वर्दळ. बॅटरीला लाल कागद लावून बघायचं, म्हणजे मंडळी बिचकत नाहीत. एका कपारीत टणक नळी होती. त्यातून एक चिकट धागा बाहेर आला, मग दुसरा, आणि बघता बघता पाण्यात जाळं तरंगायला लागलं. वरून येणारा बारीकसारीक कण त्यात अडकत होता. काही वेळाने धागे आतून ओढले जाऊ लागले आणि नळीतल्या प्राण्याने शिकारीसकट जाळंही गिळलं. हा व्हर्मेटिड, जातीने गोगलगाय, पण जन्मभर एका जागी चिकटलेली. मी म्हटलं, ‘किती स्वावलंबी!’ मुलगा म्हणाला, ‘त्याच्या जाळ्याने शेजारचं प्रवाळ चिडतं.’ झालं, वहीत फुली.

खुन्यासारखी वागणूक मिळते ती एप्टेशियाला. हे काचेसारखं तपकिरी समुद्रफूल. सावली पडली तरी दगडात शिरतं, आणि उपटायला जावं तर मागे राहिलेल्या तुकड्यातून नवीन उगवतं. मुलगा सिरिंजमध्ये चुन्याची पेस्ट भरून त्याच्यावर सोडतो. ‘पानाचाच का रे?’ ह्यांनी आस्थेने विचारलं. बर्घिया नावाची एक समुद्री गोगलगायही मिळते. ती एप्टेशियाखेरीज काही खात नाही. म्हणजे मोहीम फत्ते झाली की सैनिक उपाशी. आणि गंमत अशी, की प्रयोगशाळांत हेच एप्टेशिया मुद्दाम वाढवतात. प्रवाळासारखंच तेही अंगात सूक्ष्म शेवाळ पोसतं आणि प्रवाळाहून कितीतरी सहज वाढतं. म्हणून प्रवाळ पांढरं का पडतं, हे शोधणाऱ्यांना ते हवंसं वाटतं. २०१५ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. दिवाणखान्यात ज्याला चुना, त्याला प्रयोगशाळेत चुचकारणं!

ब्रिसल वर्मचं उलट झालं. हा काटेरी केसांचा किडा. बोटाला लागला तर केस रुततात आणि आग होते. पूर्वी सकाळी मेलेल्या माशावर हा सापडायचा, म्हणून खून त्याच्यावर शेकायचा. पुढे लक्षात आलं, की हा मेलेलं आणि उरलेलं खाऊन टाकी साफ ठेवतो. पंचनाम्याला हजर असलेल्यालाच लोकांनी आरोपी केलं होतं. आता तो ‘सफाई कामगार’. ‘म्हणजे नियमित झाला,’ हे म्हणाले.

तरी ह्यांचा संशय निराधार म्हणता येत नाही. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या न्यूकी इथल्या मत्स्यालयात कोणीतरी प्रवाळ आणि मासे फस्त करत होतं. २००९ साली कर्मचाऱ्यांनी दगड एकेक करून उचलले, तेव्हा सुमारे चार फुटांचा बॉबिट वर्म सापडला. त्याचं त्यांनी ‘बॅरी’ असं बारसंही केलं. ही गोष्ट ऐकल्यापासून हे प्रत्येक भोकाकडे रोखून बघतात.

मला वाटतं, अडचण संशयाची नाही, घाईची आहे. जीव ओळखायचा म्हणजे तो खातो काय, रात्री करतो काय, महिनाभरात वाढतो किती आणि शेजाऱ्याला खरंच त्रास होतो का, हे बसून बघायचं. हे सगळं बघून झालं, की ‘ठेवू की काढू’चं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं, आणि ते ‘असू दे’ असतं. आपण मात्र निकाल आधी मागतो आणि ओळख नंतर, तीही जमलं तर.

आता दगडाच्या मागच्या अंगाला पिवळसर काहीतरी पसरतंय. एका जाणत्याच्या मते स्पंज, दुसऱ्याच्या मते असिडियन नावाचा वेगळाच प्राणी. स्पंज असला तरी कोणता, ते फोटोवरून सांगता येत नाही. त्याच्या अंगातल्या सूक्ष्म कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात, आणि सूक्ष्मदर्शक घ्यायला सूनबाईंची परवानगी नाही. शेजारचं प्रवाळ मजेत फुललेलं आहे. ह्यांनी दोन दिवस पाहणी केली, वही उघडली आणि नावाची जागा कोरी सोडून पुढच्या रकान्यात त्यांच्या सुवाच्य सरकारी अक्षरात लिहिलं : ‘पुढील आदेशापर्यंत जैसे थे.’