दोन थेंब, दिवसातून चार वेळा

डोळ्यात औषध घालायचं म्हटलं की मराठी घरात एक समितीच स्थापन होते. एक जण डोकं धरतो, एक पापणी ओढतो, तिसरा बाटली उलटी करून नेम धरतो आणि चौथा, ज्याला कुणी विचारलेलं नसतं, तो "अरे वर बघ, वर!" म्हणून ओरडत असतो. रुग्ण वर बघतो. त्याला पंख्यावरचं जळमट दिसतं. ते सांगायला तो तोंड उघडतो आणि थेंब गालावर पडतो. मग "गेला का?" यावर मतदान होतं आणि खात्रीसाठी आणखी दोन थेंब सोडले जातात.

हे जास्तीचे थेंब शुद्ध दानधर्म आहेत. खालच्या पापणीच्या खाचेत फार तर 30 मायक्रोलिटर द्रव मावतो आणि बाटलीतून पडणारा एक थेंबच साधारण 50 मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे पहिल्या थेंबातलंच बरंच औषध गालाच्या वाट्याला जातं. दुसरा तर जवळजवळ सगळाच गालाचा. डॉक्टरांनी दोन वेगवेगळी औषधं दिली असतील तर मध्ये पाचेक मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन नेतं. पण पाच मिनिटं डोळे मिटून गप्प बसणं आपल्याकडे फक्त पाहुण्यांच्या गाण्यालाच जमतं.

थोड्या वेळानं घशात कडू लागतं. आमची आत्या याला औषध "लागू पडल्याची" खूण मानायची. प्रत्यक्षात ती औषध पळून गेल्याची खूण असते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. रडताना नाक वाहतं ते तिच्यामुळेच. थेंब पडल्यावर डोळा अलगद मिटून नाकाजवळचा तो कोपरा मिनिट-दोन मिनिटं बोटानं दाबून धरला, तर औषध जिथे हवं तिथे राहतं. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग कडू लागल्याशिवाय कळणार कसं?" यावर नेत्रशास्त्राकडे उत्तर नाही.

डोळ्यांची साथ मात्र नेमानं येते. 1969 साली घानामध्ये आली त्याच सुमारास माणूस चंद्रावर उतरला, म्हणून लोकांनी तिला अपोलोचं नाव देऊन टाकलं. 1971 मध्ये बंगालात आली तेव्हा ती 'जय बांगला' झाली. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीत हजारो डोळे लाल झाले आणि बघता बघता ती महाराष्ट्रभर पसरली. आपण तिला काहीच नाव दिलं नाही, फक्त काळे गॉगल घेतले. गॉगलमुळे समोरच्याचं रक्षण होतं अशी पक्की समजूत आहे. साथ नजरेतून जात नाही. ती हातातून, टॉवेलातून आणि उशीच्या अभ्र्यातून जाते. गॉगल लावून डोळे चोळायचे आणि त्याच हातानं शेजाऱ्याला प्रसाद द्यायचा, हा तिचा आवडता मार्ग.

अशा साथी बहुतेक विषाणूंच्या असतात आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. पण घरात रुग्ण असताना मेडिकलमधून रिकाम्या हातानं परतायचं म्हणजे कर्तव्यात कसूर. काउंटरवरचा मुलगा विचारतो, "डोळे आलेत?" आणि उत्तराची वाट न पाहता बाटली ठेवतो. आपण ती उलटसुलट करून म्हणतो, "यापेक्षा जरा पॉवरवालं नाही का?" डोळे आठवड्या-दोन आठवड्यांत आपले आपण बरे होणारच असतात. बरे झाले की श्रेय बाटलीला. खरोखर जिवाणूंचा त्रास असेल, घट्ट पू येत असेल, तेव्हा हेच थेंब मोलाचे ठरतात, पण ते ठरवायला डोळा तपासावा लागतो. पूर्वी क्लोरोमायसेटिनच्या इवल्या कॅप्सूल मिळायच्या, टाचणीनं टोक फोडून मलम डोळ्यात पिळायचं. त्या पिढीला क्लोरॅम्फेनिकॉल हे नाव ठाऊक नव्हतं, तरी व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून 1947 मध्ये सापडलेलं ते औषध कोकणातल्या फडताळात सुखानं नांदलं.

'पॉवरवालं' मागितल्यावर जे मिळतं, त्यात अनेकदा अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड असतं. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन ही त्यातली नेहमीची मंडळी. बाटलीच्या नावाला 'डी' किंवा 'डेक्स' अशी शेपटी दिसली तर आतला मजकूर भिंग घेऊन वाचावा. स्टिरॉइड वाईट नाही. कॉर्टिसोनच्या कामासाठी 1950 चं नोबेल दिलं गेलं आणि ते योग्यच होतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर हेच थेंब विचारपूर्वक देतात, कसे कमी करत आणायचे तेही लिहून देतात. अडचण अशी की ते फार लवकर गुण देतं. सकाळी घातलं की संध्याकाळपर्यंत लाली ओसरते. स्टिरॉइडनं सूज थांबते, पण चोर घरात असताना भुंकणाऱ्या कुत्र्यालाच झोपवल्यासारखं ते असतं.

नागिणीच्या जातभाई विषाणूमुळे, म्हणजे हर्पिसमुळे बुबुळावर जखम झाली असेल तर स्टिरॉइडनं ती चिघळते. उसाचं पातं किंवा भाताचं कुसळ डोळ्याला लागून बुरशी शिरली असेल तर तिचं फावतं. म्हणीतल्या कुसळाची आपण थट्टा करतो. शेतातलं कुसळ बुबुळ घेऊन जाऊ शकतं. मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती उन्हाळा लागला की सतत डोळे चोळणाऱ्या मुलांची. ॲलर्जीनं डोळे खाजतात, कुणीतरी एकदा स्टिरॉइडचे थेंब लिहून देतं, पोराला बरं वाटतं. पुढच्या वर्षी तीच रिकामी बाटली दाखवून नवी आणली जाते, त्याच्या पुढच्या वर्षीही. काहींच्या डोळ्यांत या थेंबांनी आतला दाब वाढतो. ना दुखत, ना लाल होत. काचबिंदू कडेकडेनं नजर खात येतो आणि गेलेली नजर परत येत नाही. आईबाप मात्र खूश असतात, कारण डोळे पांढरेशुभ्र असतात. औषधाच्या वेष्टणावर लाल रेघ आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना छापलेली असते. ती वाचायला चष्मा लागतो, तो तेव्हा घरी असतो.

आता कान. कानाचं दुखणं रात्रीच सुरू होतं, हा त्याचा स्वभाव. पहिला उपाय लसूण घालून कडकडीत केलेलं तेल. दुसरा उपाय, तेच तेल जरा निवेपर्यंत धीर धरणं. हा फारसा कुणी करत नाही. त्यानंतर कुणाला तरी आठवतं की डोळ्याच्या बाटलीवर 'आय/इअर' असं छापलंय. ही सोय दोन्ही बाजूंनी चालते असं समजू नका. डोळ्यासाठी बनवलेले थेंब निर्जंतुक आणि अश्रूंना मानवणारे असतात, म्हणून ते कानात चालू शकतात. फक्त कानासाठी असलेले थेंब डोळ्यात गेले तर आग आग होते. आणि पडद्याला भोक असेल, कान फुटलेला असेल, तर जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात. पावसाळ्यात कान नुसता खाजत असेल तर बऱ्याचदा ती बुरशी असते आणि अँटिबायोटिकचे थेंब तिला मोकळं रान देतात.

पद्धतीची एवढीच गोष्ट: फ्रीजमधला थंड थेंब कानात गेला तर घर गरगर फिरतं, म्हणून बाटली आधी मुठीत धरून कोमट करावी. मोठ्यांचा कान वर-मागे ओढावा, लहानग्यांचा खाली-मागे. मग कुशीवर चार-पाच मिनिटं पडून राहावं. आमच्याकडे काका असे पडले की घरातल्या सगळ्या नाजूक विषयांवर चर्चा व्हायची, कारण दुखरा कान वर आणि चांगला उशीत. पण ते सगळं ऐकत होते, हे वाटण्या झाल्या तेव्हा कळलं.

डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सोसत नसेल, धूसर दिसत असेल, किंवा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला असेल, तर बाटली शोधू नका, डॉक्टर शोधा. आणि औषध आणाल तेव्हा बाटली उघडल्याची तारीख खोक्यावर बॉलपेननं लिहा. बहुतेक थेंब उघडल्यावर महिनाभरच वापरायचे असतात. नंतर आत निम्मं उरलेलं असलं तरी ते टाकून द्यायचं असतं, शेजारच्या वहिनींना द्यायचं नसतं.