जनगणनाबाई 2011 यांस, कारेगावाहून

मु. पो. कारेगाव, ता. शिरूर, जि. पुणे

श्रीमती जनगणनाबाई 2011 यांस,

पत्रास कारण की, आपण अजून नोकरीत आहात. दहा वर्षांनी आपली बदली व्हायची, हा रिवाज इंग्रजांच्या काळापासूनचा. 2020 साली करोना आला, 2021 साली आपल्या जागेवर यायची ती आलीच नाही आणि आपला पदभार तसाच राहिला. करोना इंग्लंडमध्येही होता. तिथे 21 मार्च 2021 रोजी लोकांनी घरात बसून आपापली माहिती भरली आणि मोजणी उरकली. आमच्याकडे आपल्यावर जीव फार! मुदतवाढीवर मुदतवाढ खाल्लेले साहेब आम्ही पुष्कळ पाहिले, पण आपल्यासारखं कुणी पाहिलं नाही.

आपली गावाशी शेवटची भेट फेब्रुवारी 2011 मधली. त्या महिन्याची 28 तारीख संपून 1 मार्च लागला, त्या घटकेला देशात जेवढी माणसं होती तेवढी आपण वहीत धरलीत. तेव्हा आईच्या कडेवर असलेलं पोर आज दहावीच्या पुढे गेलंय. सरकारी हिशेबात ते अजून कडेवरच आहे.

तेव्हापासून गावात काय झालं ते थोडक्यात कळवतो. रांजणगावची एमआयडीसी आपण पाहिली होती. आता पहाटे पाळी सुटायच्या वेळी चौकात येऊन उभ्या राहा. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक लागतात. उतरणारा लातूरचा, चढणारा परभणीचा, चहाच्या टपरीवर उभा असलेला बिहारचा. पूर्वी ज्या वावरात ज्वारी आणि कांदा होता, तिथे आता दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगा आहेत. एका खोलीत चार-चार जण राहतात. रात्रपाळीवाला येऊन आडवा होतो, तेव्हा दिवसपाळीवाला डबा घेऊन निघालेला असतो. अंथरूण तेच, माणूस बदलतो. ही सगळी माणसं इथलं पाणी पितात, इथल्या गटारात सांडतात, इथला कचरा वाढवतात. आपल्या वहीत मात्र त्यांचा पत्ता नाही.

आता आपल्या राज्याच्या कारभाराकडे वळतो. गावाला सदस्य किती, हे आपण ठरवता. दीड हजारापर्यंत लोकसंख्या असली तर 7, मग दर दीड हजाराला दोन वाढवत साडेसात हजारांच्या पुढे 17. तिथे शिडी संपते. गाव आठ हजारांचं असो की ऐंशी हजारांचं, सतराच्या वर जागा नाही. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गणही आपल्याच आकड्यांवर पाडतात.

पैशाचंही तेच. 15 व्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) निधीतला 80 टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना होता. वाटणीत 90 टक्के वजन लोकसंख्येला आणि 10 टक्के क्षेत्रफळाला. लोकसंख्या अर्थातच आपली. त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचं बंधन होतं. म्हणजे नळाचा आणि घंटागाडीचा पैसा 2011 च्या डोक्यांवर आला, कचरा मात्र आजच्या डोक्यांचा झाला. यात सरपंचाने काय करावं? ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तरी काय करावं? लोक त्यांच्याच दारात येऊन ओरडतात, कारण आपलं दार कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

आरोग्याचा नियम सांगतो, सपाट भागात पाच हजारांमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. रेशनला अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे 7 कोटी लोकांचा, तोही आपल्याच हिशेबाने बांधलेला. नवं नाव चढवायचं तर जुन्या कुणाला तरी वर जावं लागतं.

पण बाई, आपल्याच सरकारला आजची माणसं मोजता येत नाहीत, असं मात्र नाही. वीज मीटरचा आकडा दर महिन्याला घेतला जातो. घरपट्टीची फेरआकारणी चार वर्षांनी करायची असा नियम आहे, आणि माळ्यावर माळा चढला की तो मोजणीतून सुटत नाही. अठरा पूर्ण झालेल्यांना मतदारयादीत घ्यायला वर्षात चार पात्रता तारखा आहेत. घ्यायचं असलं की आजचा हिशेब, द्यायचं असलं की 2011 चा! एवढी सोयीची वही दुसरी कुठे मिळणार? म्हणून तर आपल्याला कुणी निवृत्त होऊ दिलं नाही.

आमच्या लोकशाहीची खुशालीही कळवतो. 1993 साली 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना पक्कं घर दिलं. दर पाच वर्षांनी निवडणूक, असं घटनेत लिहिलं गेलं. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. पंचायत समित्या गटविकास अधिकाऱ्यांकडे गेल्या. तीन वर्षांनी, 6 मे 2025 रोजी, सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या.

ग्रामसभेचं विचाराल, तर वर्षाला किमान चार. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग पारावर वही फिरते, सूचक आणि अनुमोदक मिळतात, ठराव सर्वानुमते मंजूर होतो. ज्याच्या खोलीपुढे गटार तुंबलंय, तो मतदार दूरच्या आपल्या गावचा, म्हणून ग्रामसभेचा सदस्य नाही. जो सदस्य आहे, तो त्या वेळी खोल्यांचं भाडं गोळा करत फिरत असतो.

तर बाई, आता आपल्या निरोप समारंभाची तारीख निघाली आहे. नव्या मोजणीत घरयादी 2026 मध्ये, माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये आणि संदर्भ दिनांक 1 मार्च 2027. शाल-श्रीफळाची तयारी आम्ही करू. फक्त जाताना नव्या बाईंना सांगा, कारेगावात संध्याकाळी येऊ नका. पाळी बदलली की अर्धं गाव कंपनीत असतं. आणि सरकारला सांगा, त्यांनाही सोळा वर्षं बसवून ठेवू नका.

आपला,
2011 साली मोजलेला एक कारेगावकर

ता. क. हे बाईंसाठी नाही, गावातल्या खोलीमालकांसाठी आहे. घरपट्टी वाढेल, नोटीस येईल, या भीतीने मोजणीवाल्याला "खोल्या रिकाम्याच आहेत, पाहुणे राहतात अधूनमधून" असं सांगायची आपली रीत आहे. यंदा ती सोडा. ज्याच्याकडून भाडं घेता, त्याचं नाव लिहू द्या. एक खोली लपवलीत तर चार माणसं लपतात, आणि त्यांच्या वाट्याचं पाणी पुढली दहा वर्षं तुमच्याच नळातून जातं. भाडेकरूंनाही तेवढंच सांगणं: तुम्ही इथे राहत असाल, तर तुमची मोजणी इथेच व्हायला हवी. मत गावाकडे असलं तरी डोकं इथेच मोजून घ्या.