पाऊणकी आणि रोहित

वडाळा रोड ते शिवडी हा हार्बर लाइनवर एका स्टेशनाचा प्रवास. गाडीत बसायला जागा मिळाली तर टेकेपर्यंत उठायची वेळ येते, म्हणून जाणता वडाळेकर या प्रवासात दारातच उभा राहतो. तरीही पौषातल्या एका रविवारी वडाळ्याच्या एका सोसायटीतली मंडळी शिवडीला निघाली तेव्हा त्यांच्याबरोबर दोन दुर्बिणी, लांबलचक लेन्सचा एक कॅमेरा, त्याची तिपाई, सतरंजी, इडल्यांचा डबा, चटणीचा वेगळा डबा, चहाचे थर्मास, डासांचं मलम, कानटोप्या आणि औषधांची एक फुगलेली पिशवी होती. कानटोप्या कशाला, हे मुंबईच्या थंडीत विचारायचं नसतं. ज्या पाहुण्यांना बघायला हा लवाजमा निघाला होता, ते गुजरातच्या किनाऱ्यावरून बरोबर काहीही न घेता केव्हाच येऊन पोचले होते.

सुरुवात नोव्हेंबरात झाली. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. त्या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळतात. त्या निमित्ताने सोसायटीतल्या एका सातवीतल्या मुलीला शाळेतून काम मिळालं: परिसरातल्या पक्ष्यांची यादी करा. तिने ती गॅलरीतूनच सुरू केली. कावळा, कबुतर, घार, चिमणी, साळुंकी. सहाव्या ओळीला पेन थांबलं आणि बातमी सेक्रेटरींच्या कानावर गेली. सेक्रेटरींच्या हाती पडलेलं कुठलंही काम उपक्रम झाल्याशिवाय राहत नाही. मग व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला, वर्गणीचा विषय निघाला, वर्गणी कशाला हाही विषय निघाला, आणि कार्तिकात ठरलेली सहल पौषात निघाली. सुदैवाने हिवाळी पाहुणे मार्च-एप्रिलपर्यंत मुक्कामाला असतात. काही तर मे संपेपर्यंत हलत नाहीत.

पहिला टप्पा फाइव्ह गार्डन्स. दादर पारशी कॉलनी वसवणाऱ्या मंचेरजी जोशींच्या नावाची ही पाच उद्यानं वडाळा, माटुंगा आणि दादर या तिघांनाही आपलीच वाटतात. भोवताली जुनी, डेरेदार झाडं. सकाळी साडेसहाला तिथे पक्ष्यांपेक्षा माणसांची किलबिल जास्त असते. धावणारे, धावल्याचा फोटो काढणारे, व्हीजेटीआयच्या परीक्षेची चिंता वाहणारे, आणि एका कोपऱ्यात गोलात उभं राहून हात वर करून हसणारे ज्येष्ठ नागरिक. मंडळींनी एका झाडाखाली दुर्बिणी लावल्या, फांदीवर हळद्याचा पिवळाजर्द रंग क्षणभर दिसला, सेक्रेटरी “शूऽऽ” म्हणाले आणि त्याच क्षणी हास्यक्लबाने तिसरा हुंकार सोडला. हळद्या गेला. कॅमेरावाल्या काकांच्या कार्डात फांदी राहिली, अतिशय स्पष्ट.

पानांत लपून ‘टिक् टिक्’ करत राहणाऱ्या वटवट्याने तर सगळ्यांचा अंत पाहिला. हा बोटभर पक्षी उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत आपल्या बागांत येतो आणि इथे आल्यावर एका झुडपातून दुसऱ्या झुडपात जाताना मात्र दिसायचं नाव घेत नाही. त्याचा रंग मळकट, खूण काही नाही, एका जातीचा वटवट्या दुसऱ्या जातीपासून वेगळा काढताना जाणकारांचीही दमछाक होते. सेक्रेटरींनी यादीत ‘इतर’ असा रकाना पाडून प्रश्न सोडवला. मुलीने तो खोडला.

राखी धनेशाने मात्र अब्रू राखली. दादर-माटुंग्याच्या जुन्या झाडांवर हा आता नेहमी दिसतो. लांब शेपटीची, बाकदार चोचीची जोडी हेलकावे घेत या झाडावरून त्या झाडावर गेली आणि सगळ्यांना, अगदी चष्मा घरी विसरलेल्या वहिनींनाही, दिसली. धनेशाचं आणि मुंबईचं नातं तसं जुनं आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, म्हणजे बीएनएचएसचं, बिऱ्हाड फोर्टातल्या एका मद्यविक्रेत्या कंपनीच्या जागेत होतं, आणि तिथे विल्यम नावाचा एक महाधनेश कारवारहून येऊन राहिला होता. १८९४ पासून पुढची पंचवीसएक वर्षं त्याने त्या कचेरीत काढली. संस्थेच्या बोधचिन्हावर अजून धनेशच आहे. सोसायटीच्या कचेरीत इतकी वर्षं टिकून राहणं म्हणजे काय, हे आपल्या सेक्रेटरींना चांगलं कळत असल्याने त्यांनी विल्यमबद्दल विशेष आदर व्यक्त केला.

त्याच संस्थेत गिरगावातल्या खेतवाडीचा एक पोरगा एअरगनने पाडलेली चिमणी घेऊन गेला होता. तिच्या गळ्यावर पिवळा डाग का, एवढंच त्याला विचारायचं होतं. संस्थेचे सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलून न देता पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. ही गोष्ट आजोबांनी नातीला स्टेशनकडे चालता चालता सांगितली, तेव्हा कॅमेरावाल्या काकांनी एअरगनची किंमत विचारली.

आजोबा म्हणजे त्या मुलीचेच. नोकरी सगळी बंदरात गेलेली, मूळ गाव रत्नागिरीकडचं. सहलीतला खरा वाद आदल्या रात्रीच त्यांच्यामुळे पेटला होता. ग्रुपवर सेक्रेटरींनी ‘शिवडी, सकाळी ९ वाजता’ असं टाकलं. त्याखाली पंधरा अंगठे आले. सोळावा संदेश आजोबांचा: “उद्या तिथी काय?”

कुणीतरी कालनिर्णय बघून ‘पंचमी’ लिहिलं. आजोबांनी उत्तर दिलं: “पाच पाऊणे पावणेचार. भरती पावणेचारला. दहाला पूर्ण सुकती. नऊला जाऊन चिखल बघणार का?”

हे गणित कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाणी त्याच्यामागे चालतं; पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, पाच मिनिटांचा फरक कोळ्याच्या होडीला चालून जातो. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत, त्या पिढीला हे बोटांवर येतं. नव्या पिढीकडे ॲप आहे. सेक्रेटरींनी ॲप उघडलं, ॲपनेही जवळपास तेच सांगितलं, पण तोवर पंधरा अंगठे येऊन गेले होते आणि बहुमताने ठरलेली वेळ समुद्रासाठी बदलायची प्रथा सोसायटीत नाही. शिवाय अकराच्या सुमारास हार्बरवर मेगाब्लॉक लागणार होता. म्हणजे समुद्र, रेल्वे आणि जेवण या तिघांचं वेळापत्रक जुळवायचं होतं आणि त्यात जेवणाचं पारडं जड होतं.

वहिनींचा वेगळाच आग्रह होता. त्यांना धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान हवं होतं. तिथे सावली आहे, तळं आहे, बसायला बाकं आहेत, आणि स्वच्छतागृह आहे. एकेकाळी तिथे मुंबईचा कचरा पडायचा. १९७७ मध्ये तो थांबला, १९८३ मध्ये सलीम अलींच्या हस्ते पहिलं झाड लागलं, आणि १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. आज तिथे रान उभं आहे. तळ्याच्या काठी खंड्या मान वाकडी करून बसतो, ढोकरी ध्यान लावते. हा मुद्दा खरं तर बिनतोड होता. पण रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे नाहीत, आणि सोसायटीच्या फलकावर ‘रोहित दर्शन’ असं छापून झालं होतं.

वडाळा रोडच्या फलाटावर यादीत अनपेक्षित भर पडली. रुळांच्या मधल्या पाण्याच्या ओघळाशी एक पांढरा धोबी शेपटी वरखाली करत तुरुतुरु चालत होता. हिमालयाकडून, कधी त्याच्याही पलीकडून येणारा हा पाहुणा मुंबईत उतरल्यावर गटार, गच्ची, रूळ यांतलं काहीही नाकारत नाही. गाडी आली तसा उडाला, गेली तसा परत बसला. मुलीने वहीत लिहिलं. मोठी माणसं गोरेगावची गाडी की पनवेलची हे बघत होती, कारण वडाळ्याला लाइनला फाटा फुटतो आणि चुकलेला माणूस माहीमला निघतो. आपण सीएसएमटीच्या दिशेने जातोय आणि तिकडे सगळ्याच गाड्या शिवडीला थांबतात, हे लक्षात येईपर्यंत दोन गाड्या गेल्या.

शिवडीला उतरून पूर्वेला गेलं की बंदराची हद्द लागते. रस्त्याला ट्रक, हवेत धूळ, आणि मग एकदम उघडी पडलेली खाडी. काठाला तिवरं, समोर माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरणाच्या टाक्या आणि धुराडी, आणि डोक्यावरून न्हाव्याशेव्याकडे झेपावणारा अटल सेतू. २१.८ किलोमीटरच्या या पुलाचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झालं. तो बांधताना पक्ष्यांना त्रास नको म्हणून इथल्या टप्प्यात आवाज अडवणारे अडसर बसवले आहेत.

अशा ठिकाणी गुलाबी पक्ष्यांचे थवे यावेत हा तसा चमत्कारच, पण त्याला कारण आहे. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, चिखलात पोषकद्रव्यं वाढतात, त्यावर शेवाळ माजतं आणि छोटा रोहित नेमकं तेच खातो. मान खाली, चोच उलटी, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलायचं आणि चोचीतल्या गाळणीत शेवाळ अडकवायचं. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यानेच त्याला गुलाबी रंग चढतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शिवडीला हे थवे ठळक दिसू लागले. पुढे ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर स्थळ झाली, आणि तिथल्या गणनेत रोहितांचा आकडा लाखाच्या पुढे गेलेला आहे. अभयारण्य ऐरोली-वाशीकडे, शिवडी त्याच्या हद्दीबाहेर. त्यामुळे इथे तिकीट नाही, माहितीफलक नाही, आणि वहिनींनी लगेच ताडल्याप्रमाणे बाकही नाही.

नऊ वाजून गेले होते. पाणी अजून मागेच सरत होतं. दूर, फार दूर, पुलाच्या खांबांपलीकडे एक गुलाबी रेघ दिसत होती.

“ते काय?” काकांनी विचारलं.

“रोहित,” आजोबा म्हणाले.

“ती रेघ?”

“रेघच. सुकतीत पाण्याच्या कडेनं जातात ते. पाणी वळलं की तेच पाणी त्यांना काठाकडे आणील. एक-दीडपर्यंत थांबा.”

कुणी थांबणार नव्हतं. इडल्या उघडल्या गेल्या. काकांनी रेघेचे फोटो काढले. ते घरी जाऊन मोठे केल्यावर रेघ मोठी झाली. कुरव घिरट्या घालायला लागले तसा कुणीतरी शेवेचा पुडा फोडला. गेटवेच्या लाँचवर लोक या पक्ष्यांना गाठ्या टाकतात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तपकिरी डोक्याचा कुरव तिबेट-लडाखच्या सरोवरांवर अंडी घालतो आणि हिवाळ्यात खाली उतरून आपलं फरसाण खातो. मुलीने पुडा काढून घेतला. “तळलेलं त्यांना चांगलं नाही,” ती म्हणाली. काकांच्या डॉक्टरांनीही त्यांना हेच सांगितलं होतं, त्यामुळे ते गप्प राहिले.

साडेदहाला मेगाब्लॉकच्या धास्तीने निम्म्याहून जास्त मंडळी उठली. आजोबा, नात आणि थर्मासमध्ये चहा उरलाय म्हणून थांबलेले काका एवढेच राहिले. आणि या तिघांना शिवडी हळूहळू उलगडली. चिखलात निवटे उड्या मारत होते. शेकाटे लाल काटकुळ्या पायांवर मोजून पावलं टाकत होते. तुतवार, चिखल्या, आणि छोट्या टिलव्यांचा एक थवा शिवणयंत्राच्या सुईसारखा चोच खालीवर करत चिखल टोचत होता. या टिलव्याचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम. पोट भरलं की तो उन्हाळ्यात थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाकडे टुंड्रात जातो. काकांनी वजन ऐकलं, आपल्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि तिपाई मिटवून ठेवली.

बारानंतर पाणी वळल्याचं कळू लागलं. रेघ जाड झाली, मग तिला माना फुटल्या, मग पाय. एक वाजता दुर्बिणीशिवाय चोचीचा गडद रंग दिसत होता. मुलीने विचारलं, हे परत कसे जातात? आजोबांनी माहिती पुरवली: २०२२ मध्ये बीएनएचएसने काही रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेले टॅग बसवले. त्यातल्या एकाचं नाव ठेवलं हुमायून, मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलाली यांच्यावरून. तो इथून उडून गुजरातेत पोचल्याचं नकाशावर दिसलं.

“मेगाब्लॉक नसेल,” काका म्हणाले.

तिघं बसने घरी पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. आधी निघालेली मंडळी शिवडीच्या फलाटावर बराच वेळ काढून नुकतीच आत शिरत होती. संध्याकाळी काकांनी ग्रुपवर फोटो टाकले: माना, चोची, पंखांखालचा लाल-काळा रंग. त्याखाली अंगठे नाहीत, फक्त सेक्रेटरींचा संदेश: “पुढच्या रविवारी पुन्हा आयोजन. वेळ कळवावी.”

आजोबांनी लिहिलं: “पुढच्या रविवारी द्वादशी. बारा पाऊणे नऊ. भरती नऊला, साडेसहाला काठावर हजर.”

वेळ सर्वांना पसंत पडली. पण शनिवारी एकादशी. अर्धी सोसायटी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जाणारी आणि उपास धरणारी, तेव्हा रविवारी पहाटे पारणं न सोडता शिवडीला कसं जायचं, असं वहिनींनी विचारलं. रात्री साडेदहापर्यंत त्यावर एकेचाळीस संदेश आले. त्यातला शेवटचा असा होता: पारण्याचा डबा शिवडीलाच उघडावा, इडल्या नकोत, वरण-भात असावा, आणि तूप कोण आणणार ते आत्ताच ठरावं.